बोलावणे

आमच्या शाळेच्या मैदानाला कधीकाळी कुंपण म्हणून वेडी बाभूळ लावली होती. कुंपण राहिले नाही, बाभूळ राहिली. दर आठवड्याला कुणाच्या तरी पायात काटा जातो आणि मधल्या सुट्टीत ते पोर लंगडत आमच्याकडे येते, कारण शाळेतली एकुलती एक सुई आणि डेटॉलची बाटली विज्ञानाच्या कपाटात असते. २०२५च्या जुलैत नववीतली एक मुलगी अशीच आली. काटा आदल्या दिवशीच निघाला होता, तरी टाच लाल, फुगलेली, हात लावावा तर गरम. ती आमची भाची. शाळेत ‘मिस’ म्हणते, घरी ‘फुप्पी’.

योगायोगाने त्या दिवशी तिच्याच वर्गावर रक्ताचा धडा होता. आम्ही दरवर्षी सांगतो तेच सांगितले. काटा शिरला की तिथे सफेद जसीमे पोहोचतात, जंतूंना गिळतात, त्या लढाईत मरतात, त्यांचाच पू होतो. भाची पाय बाकाबाहेर काढून बसली होती. तिने हात वर केला.

“मिस, पहुँचते कैसे? उनको बुलाता कौन है?”

अकरा वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. खरे सांगायचे तर आम्हीही स्वतःला तो नीटसा विचारला नव्हता. बी.एस्सी. झालो, बी.एड. झालो, पाठाची टाचणे काढली, आणि ‘पोहोचतात’ या क्रियापदावरून दरवर्षी घसरून पुढे गेलो. “कल बताएँगे,” म्हणून वेळ मारून नेली.

(आम्ही म्हणजे एकटीच. वर्गात ‘हम’ म्हणायची सवय अशी जडली आहे की मराठीत लिहायला बसलो तरी सुटत नाही. वाचकांनी तेवढे सांभाळून घ्यावे.)

त्या रात्री जे वाचायला घेतले ते पुढे कित्येक महिने चालले. त्याचे कारण केवळ भाचीची टाच नव्हती. तिचे वडील, म्हणजे आमचे थोरले भाई, २०२१च्या रमजानमध्ये गेले. तेव्हा ती चौथीत होती. ‘बुलाता कौन है’ हा प्रश्न तिने काट्याबद्दल विचारला होता. आम्हाला तो दुसरीकडेच जाऊन लागला. त्याबद्दल पुढे येईलच.

आधी शब्दांचे सांगतो, कारण आमचा निम्मा जन्म दोन भाषांमधली पोती इकडून तिकडे वाहण्यात गेला आहे. काट्याभोवती जे होते त्याला उर्दूत ‘सोजिश’ म्हणतात. फारसीतल्या जळण्याच्या धातूवरून तो शब्द आला. मराठीत त्यालाच ‘दाह’ म्हणतात, म्हणजे पुन्हा जळणेच. इंग्रजी शब्दाच्या पोटातही लॅटिनमधली ज्वाळाच आहे. तीन भाषांतल्या माणसांनी सुजलेल्या जागी हात ठेवला आणि तिघांनाही आगच आठवली. रोमन लेखक सेल्सस याने दोन हजार वर्षांपूर्वी दाहाच्या चार खुणा लिहून ठेवल्या आहेत : लाली, सूज, उष्णता, वेदना. भाचीच्या टाचेवर चारही हजर होत्या. (आमच्या संमेलनांत विज्ञानाचा विषय निघाला की इब्न सीनाचे नाव घेतल्याशिवाय कुणी खाली बसत नाही. आज आम्ही बसतो.)

गंमत अशी की, या प्रश्नाची सुरुवातही एका काट्यानेच झालेली आहे. एली मेचनिकॉफ हे रशियन प्राणिशास्त्रज्ञ १८८२मध्ये सिसिली बेटावरच्या मेसिना गावी राहत होते. घरची मंडळी सर्कस पाहायला गेलेली. हे एकटे सूक्ष्मदर्शकाशी बसलेले. समोर तारामाशाच्या काचेसारख्या पारदर्शक अळ्या. त्यांच्या अंगात काही पेशी मोकळ्या फिरत होत्या. मेचनिकॉफांच्या मनात आले, या फिरत्या पेशी घुसखोराचा समाचार घेण्यासाठी तर नसतील? मुलांसाठी नाताळचे झाड म्हणून एक संत्र्याच्या जातीचे झाड सजवले होते. त्याचे काटे त्यांनी अळ्यांच्या कातडीखाली खुपसले आणि रात्रभर झोपले नाहीत. सकाळी पाहतात तो काट्याभोवती पेशींचा गराडा. ना रक्तवाहिनी, ना मज्जातंतूचा हुकूम, तरी पेशी आपापल्या चालत आल्या होत्या. याच कामासाठी १९०८चे नोबेल पारितोषिक त्यांना पॉल एर्लिख यांच्याबरोबर विभागून मिळाले.

पेशी येतात, हे मेचनिकॉफांनी दाखवले. बोलावतो कोण, ते मात्र हाती लागायला आणखी शंभर वर्षे लागली. १९८७च्या सुमारास अमेरिका, स्वित्झर्लंड आणि जर्मनी इथल्या वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी जवळजवळ एकाच वेळी एक लहानसे प्रथिन वेगळे काढले. त्याची साखळी जेमतेम बहात्तर अमिनो आम्लांची. अमेरिकेतल्या गटाने त्याला जे लांबलचक नाव दिले त्याचा अर्थ होता पांढऱ्या पेशींना ओढून आणणारा घटक. स्वित्झर्लंडमधल्या गटाने दिलेल्या नावाचा अर्थ होता त्याच पेशींना चेतवणारा घटक. कळले असे की दोघांच्या हाती वस्तू एकच होती. बोलावणारा आणि हातात काठी देणारा एकच. पुढे त्याचे नाव इंटरल्युकिन-८ पडले. त्याच्या भाऊबंदांना आता केमोकाइन म्हणतात आणि माणसाच्या शरीरात ते पन्नासाच्या आसपास आहेत.

दुसऱ्या दिवशी वर्गात आम्ही हे असे सांगितले. काटा शिरतो तेव्हा कातडीखाली काही पेशी कायमच्या मुक्कामाला असतातच. त्यांना आपण गल्लीतले जुने रहिवासी समजू. जंतूंच्या अंगावर काही ठरावीक खुणा असतात, आपल्या पेशींवर नसलेल्या. रहिवाशांना त्या ओळखता येतात. ओळख पटली की ते तऱ्हेतऱ्हेची प्रथिने सोडू लागतात. त्यांतली काही जवळच्या रक्तवाहिनीच्या अस्तराला सांगतात की जरा सैल हो, चिकट हो. म्हणूनच रक्त तिथे जास्त येते, लाली येते, ऊब येते, पाणी झिरपून सूज येते. केमोकाइन त्या अस्तराच्या आतल्या बाजूला जाऊन चिकटून बसतात. रक्ताबरोबर वेगाने वाहत जाणारी पांढरी पेशी तिथे आली की आधी अडखळते, भिंतीला धरत-सोडत गडगडत जाते. चालत्या एसटीतून उतरणारा माणूस दांडा धरून चार पावले गाडीबरोबर धावतो ना, तशी. तेवढ्यात भिंतीवरचा केमोकाइन तिच्या अंगावरच्या ग्राहीत बसतो, म्हणजे कुलपात किल्ली बसावी तसा. पेशी आतल्या आत बदलते, तिच्या अंगावरचे आकडे ताठ होतात आणि ती जागच्या जागी थांबते. मग अस्तरातल्या दोन पेशींच्या फटीतून अंग चोरून बाहेर पडते.

बाहेर अंधार. कुठे जायचे? तिला डोळे नाहीत, नकाशा नाही. पण केमोकाइन काट्याजवळ दाट आणि लांब गेले की विरळ असतात. गल्लीत कुणाच्या घरी देगचे झाकण उघडले की बिर्याणी कुठल्या घरी आहे हे आंधळाही सांगतो. पेशी हाच हिशेब करते, आणि तोही स्वतःच्याच दोन टोकांमधल्या फरकावर. तिची लांबी मिलिमीटरचा शंभरावा भाग. तेवढ्या अंतरात पुढच्या आणि मागच्या टोकाला जाणवणारा फरक शेकड्याला एक-दोनचा असला तरी तिला पुरतो. जिकडे वास जास्त तिकडे ती अंग सरकवते. अगदी मुक्कामाला पोहोचली, वास चहूकडून कोंदला, की तोच वास ‘चल’ म्हणायचे सोडून ‘उघड तुझी पोतडी’ म्हणतो. मग ती आपल्याजवळची जहाल रसायने सोडते. आपल्या हाडांच्या मज्जेत या जातीच्या पेशी दिवसाला सुमारे दहा हजार कोटी तयार होतात आणि बहुतेक काहीही न घडता मरून जातात.

सगळ्यांना एकच आवतण जाते असेही नाही. काही केमोकाइन एकाच जातीच्या पेशीला बोलावतात, काहींचे चूलबंद आमंत्रण असते. ज्या पेशीच्या अंगावर त्या हाकेचा ग्राही नाही तिला ती हाक ऐकूच येत नाही. त्याच रक्तातून ती शांतपणे पुढे निघून जाते.

हे शिकवताना आमच्या लक्षात आले की, ‘पांढऱ्या पेशी शरीराचे सैनिक’ हे जे वाक्य आम्ही वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो, ते फार काही कामाचे नाही. सैन्याला सेनापती असतो. इथे सेनापतीच नाही. कुणी वर बसून हुकूम देत नाही. प्रत्येक पेशी फक्त शेजारच्याने काय सोडले ते हुंगते आणि आपणही काही सोडते. त्यातूनच गर्दी जमते आणि त्यातूनच पांगते. सैनिक म्हटले की दोष नेहमी शत्रूचा वाटतो. सेल्ससच्या चार खुणांपैकी एकही खूण काट्याची किंवा जंतूची नाही. लाल करणारे, सुजवणारे, दुखवणारे सगळे घरचेच.

यावर वर्गात कुणाचा विश्वास बसेना. मग आम्ही बाही वर करून हात दाखवला. आम्ही सहावीत होतो तेव्हा घरात दादींना टीबी निघाला. सोलापुरात ज्या घरी विड्या वळल्या जात त्या घरांना या आजाराचे नवल नव्हते. घरातल्या सगळ्या पोरांची मॅन्टू चाचणी झाली. कातडीत एक बारीकसे इंजेक्शन, आणि दोन-तीन दिवसांनी पट्टीने फुगवटा मोजायचा. लाली मोजत नाहीत, हाताला लागणारा घट्टपणा मोजतात. आमचा फुगवटा चांगला मोठा होता. अम्मी रडायला लागली, तिला वाटले सुईतूनच आजार घातला. त्या सुईत जिवंत जंतू एकही नसतो, जंतूंपासून काढलेली प्रथिने असतात फक्त. आधी कधी टीबीच्या जंतूशी गाठ पडली असेल तर त्याची आठवण ठेवणाऱ्या टी पेशी शरीरात फिरत असतात. त्या तिथे येतात, ओळखतात, आणि बोलावणे धाडतात. दोन दिवसांनी हातावर उठतो तो निव्वळ आपल्याच माणसांचा मेळावा.

टीबीतच आणखी एक गोष्ट शिकायला मिळते. नुसते येऊन भागत नाही. मोठ्या भक्षक पेशी टीबीच्या जंतूला गिळतात खऱ्या, पण मारू शकत नाहीत. तो त्यांच्या पोटात आरामात राहतो. टी पेशीने गॅमा इंटरफेरॉन नावाचे प्रथिन सोडून त्यांना चेतवले तरच त्यांच्या पोटातली भट्टी पेटते. हजर असणे वेगळे आणि जागे असणे वेगळे, हे शिक्षकाला वेगळे सांगायला नको. आमचा शेवटचा तास दुपारी साडेचारला असतो.

ही हाक दाबली तर काय होते, तेही टीबीनेच दाखवले. संधिवाताच्या काही रुग्णांत सांध्यांचा दाह थांबवण्यासाठी टीएनएफ नावाच्या निरोप्या प्रथिनाला अडवणारी औषधे देऊ लागले. सांधे सुधारले. २००१ साली अहवाल आला की, त्यांतल्या काहींचा वर्षानुवर्षे झोपलेला टीबी जागा झाला आहे. फुप्फुसात जंतूंभोवती पेशींनी जो वेढा घातलेला असतो तो टिकवायलाही तेच प्रथिन लागते. जे सांधे जाळत होते तेच टीबीवर पहारा करत होते.

आणि गोचीड. हे मात्र आम्हाला वाचून फार आवडले. बकरी ईदच्या आधी घरी आणलेल्या बोकडाच्या कानात गोचीड आठवडाभर चिकटून बसते, रक्त पिऊन मुगाची वाटाण्याएवढी होते, आणि तिथे ना सूज ना पू. आमच्या टाचेत काटा रात्रभर राहिला तर एवढा गोंधळ, मग हिला कुणीच कसे हटकत नाही? कुत्र्यावरच्या तपकिरी गोचिडीच्या लाळेत अशी प्रथिने सापडली आहेत की ती केमोकाइनला वाटेतच मिठी मारून निकामी करतात. हाक मारली जाते, पण पोहोचत नाही. वर्गात मुले हसली. भाची हसली नाही. तिने वहीत लिहून घेतले आणि तिचा दुसरा प्रश्न आला.

“और ‘बस’ कौन बोलता है उनको?”

इथे भाईंचे सांगायला हवे.

भाई यंत्रमागांची दुरुस्ती करत. माग कुठे अडला आहे हे ते आवाजावरून सांगत. घरात शिकलेले असे आम्हीच. त्यामुळे वीजबिलापासून डॉक्टरच्या चिठ्ठीपर्यंत प्रत्येक कागद आमच्यासमोर येई. एप्रिल २०२१मध्ये, रमजानच्या दुसऱ्या आठवड्यात, भाईंना ताप आला. चव गेली. खाटा मिळत नव्हत्या, चाचणीचा निकाल यायला दिवस लागत होते. त्या दिवसांत मोहल्ल्यात फोनवरून गोळ्यांची एक यादी फिरत होती. कुणी पाठवली, कुणी लिहिली, ठाऊक नाही. अमक्या दिवसापासून ही, सकाळी एक, रात्री एक. अनेकांनी घेतली होती, अनेक बरेही झाले होते. फोनवर अक्षर बारीक, म्हणून आम्हीच ती एका कागदावर मोठ्या अक्षरात उतरवून भाईंच्या हाती दिली. यादीत चौथे नाव स्टेरॉइडचे होते. पहिल्या दिवसापासून.

“ये चौथी काहे की?” भाईंनी विचारले होते.

“सूजन उतारने की,” आम्ही म्हणालो. उत्तर चुकीचे नव्हते.

दुसऱ्याच दिवशी ताप उतरला. भाई उठून बसले, इफ्तारला दोन भजी खाल्ली. सगळे घर खूश झाले. आमच्याकडे पाहून भाभी म्हणाल्या, घरात एक शिकलेले माणूस असावे. सहाव्या दिवशी बोटाला लावायच्या यंत्रावर ८४ आकडा आला. एका दवाखान्यात खाट मिळाली. तिथल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, स्टेरॉइड कधीपासून चालू आहे? रक्तातली साखर चारशेच्या वर होती. पुढे ते म्हणाले, प्रतिकारशक्ती खवळली आहे, सायटोकाइनचे वादळ आहे, टोसिलिझुमॅब मिळते का बघा. ते इंजेक्शन चाळीस हजारांच्या घरातले, आणि बाजारात नव्हतेच. तीन रात्री आम्ही आणि मामूंचा मुलगा फोन फिरवत राहिलो. मिळाले नाही. ईदच्या सहा दिवस आधी भाई गेले. मातीला मोजकी माणसे होती.

घरात आजही तेच बोलले जाते : इंजेक्शन मिळाले असते तर भाई वाचले असते. बोलणाऱ्यांचा राग खरा आहे. त्यात आम्ही कधी काही जोडले नाही, कधी काही वजाही केले नाही.

भाचीच्या प्रश्नामुळे आम्ही शेवटी ते आकडे काढून वाचले. टोसिलिझुमॅब हे इंटरल्युकिन-६ या निरोप्या प्रथिनाचा ग्राही बंद करते. म्हणजे हाक चालू, कान बंद. इंग्लंडमधल्या मोठ्या चाचणीत ते न दिलेल्या गंभीर रुग्णांपैकी शेकडा ३५ दगावले, दिलेल्यांपैकी ३१. शंभरातले चार जीव. चार जीव थोडे नव्हेत. पण घरातले सगळे दुःख ज्या इंजेक्शनवर उभे आहे त्याची खरी ताकद एवढी होती.

त्याच चाचणीने डेक्सामेथासोन या जुन्या, स्वस्त स्टेरॉइडचाही निकाल दिला होता, १६ जून २०२० रोजी, म्हणजे भाईंच्या आजाराआधी दहा महिने. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत मृत्यू शेकडा ४१.४वरून २९.३वर आले. नुसता ऑक्सिजन लागलेल्यांत २६.२वरून २३.३वर. आणि ज्यांना ऑक्सिजनही लागत नव्हता त्यांच्यात? औषध न दिलेल्यांत १४, दिलेल्यांत १७.८. आकडेशास्त्राच्या काटेकोर हिशेबात तेवढ्यावरून अपाय सिद्ध होत नाही. फायदा नाही, एवढे मात्र उघड आहे. तीन ओळींचा तक्ता. आठवीच्या मुलाला वाचता येईल असा. आम्ही विज्ञानाचे शिक्षक, आणि तो वाचला चार वर्षांनी.

असे का होते, ते आता समजते. विषाणू शिरला की पहिली हाक इंटरफेरॉनची असते. १९५७मध्ये लंडनच्या प्रयोगशाळेत आयझॅक्स आणि लिंडेनमन यांनी हे प्रथिन शोधले. बाधित पेशी ते सोडते आणि शेजारच्या पेशी दारे लावून घेतात. कोविडचा विषाणू नेमकी हीच पहिली हाक दाबतो. २०२०मध्ये असेही आढळले की, अत्यवस्थ रुग्णांपैकी सुमारे दहा टक्क्यांच्या रक्तात स्वतःच्याच इंटरफेरॉनला निकामी करणारी प्रतिद्रव्ये होती. सुरुवातीच्या दिवसांत हाक मुळातच दबलेली असते, विषाणूला मोकळे रान असते. त्यानंतर, दुसऱ्या आठवड्याच्या तोंडावर, शरीराला उशिरा जाग येते आणि मग चहूकडून एकदम बोलावणी सुटतात. फुप्फुसांत पेशींची आणि पाण्याची एवढी गर्दी होते की हवेला जागा उरत नाही. या दुसऱ्या वेळी स्टेरॉइड जीव वाचवते. पहिल्या वेळी ते विषाणूच्याच बाजूने बोलते. गोळी तीच. आणि ताप उतरला म्हणून आम्ही ज्या दिवशी खूश झालो, त्या दिवशी उतरला होता फक्त आवाज.

भाई त्या गोळीने गेले काय? कुणी सांगू शकत नाही. ती न घेताही त्यांच्या वयाची माणसे गेली, ती घेऊनही वाचली. अकरा वर्षे परीक्षेचे पेपर तपासले आहेत, पण हा एक पेपर आम्हाला तपासता येत नाही.

भाचीच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर वर्गात दिले ते असे. ‘बस’ म्हणणारेही शरीरातच असतात. आलेल्या पांढऱ्या पेशी दोन-एक दिवसांत मरतात. मरताना त्या आपल्या अंगावर खूण बाहेर काढतात की आता मला उचला. मोठ्या भक्षक पेशी त्यांना गिळतात, आणि गिळता गिळता त्यांची स्वतःची बोली बदलते. बोलावणारी प्रथिने बंद होतात, शांत करणारी, जखम भरणारी प्रथिने सुरू होतात. काही पेशींवर नकली ग्राही असतात. केमोकाइन त्यांत जाऊन बसतो, आत ओढला जातो आणि नष्ट होतो, निरोप कुठेच जात नाही. शिवाय मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या बसलेल्या दोन लहान ग्रंथी आहेत. त्या कॉर्टिसॉल सोडतात, दिवसाच्या वेळेप्रमाणे कमीजास्त. तेही स्टेरॉइडच. त्या चौथ्या गोळीचे आणि त्याचे घराणे एक. शरीर ते स्वतः बनवते, स्वतः घेते, आणि कधी घ्यायचे हे त्याला बहुतेक वेळा कळते.

वर्ग सुटला. मुली दप्तरे आवरू लागल्या. भाचीची टाच तोवर बरी झाली होती, कातडीचा पापुद्रा तेवढा सुटत होता.

त्या रविवारी ती घरी आली तेव्हा आम्ही कपाटातला तो कागद काढला. भाई गेल्यावर त्यांच्या उशाखालून तो आम्हीच उचलला होता आणि कुणाला दाखवला नव्हता. तिला सगळे सांगितले, तारखांसह. अवघड शब्द उर्दूत, बाकी आपल्या बोलीत. चौथ्या ओळीवर बोट ठेवून सांगितले की हे आम्ही लिहिले. ती बोटांवर दिवस मोजत होती. ताप कधी आला, गोळी कधी, दवाखाना कधी. दोनदा मोजले.

मग तिने कागद उलटा केला. आम्ही तो भाईंच्याच वहीतून फाडलेला होता. मागे त्यांच्या अक्षरात मागाच्या सुट्या भागांचा हिशेब होता, पट्टा दोन, बेअरिंग एक, खाली बेरीज, आणि बेरीज चुकलेली.

“ये अब्बू का लिखा है,” ती म्हणाली. “मैं रखूँ?”

आम्ही हो म्हणालो. तिने तो घडी घालून विज्ञानाच्या वहीत ठेवला, आणि भाभींना दाखवायचा का, ते विचारले नाही. आम्हीही सांगितले नाही.